धर्मात हात न घालणारा गव्हर्नर

१८२५ साली कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईत येऊन पोचला, तेव्हा इथल्या गव्हर्नरविषयीची एक कुजबुज त्याच्याही कानावर आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन विद्वान आहे, कारभार चोख ठेवतो, पण देवाधर्माच्या बाबतीत कोरडा ठणठणीत आहे, अशी ती कुजबुज. हेबर गव्हर्नरच्या सहवासात राहिला, त्याच्याशी मनमोकळे बोलला आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्याने गव्हर्नरला जवळजवळ प्रशस्तिपत्रच देऊन टाकले. या आरोपात आपल्याला तथ्य दिसले नाही, असे त्याने नमूद करून ठेवले. गव्हर्नरच्या आस्तिक्याची हमी बिशपला लेखी द्यावी लागते, यावरून शंका घेणारे थोडेथोडके नसणार हे उघड आहे.

शंकेला जागाही होती. एल्फिन्स्टनच्या रोजनिश्या आणि पत्रे चाळली, तर बायबलपेक्षा ग्रीक आणि लॅटिन ग्रंथकारच जास्त भेटतात. थुसिडिडीझ, सोफोक्लीझ, हॉरेस आणि त्यांच्या जोडीला फारसीतला हाफीज. स्वारीवर असतानाही त्याचे वाचन चालू असे. या कागदांत राजकारण आहे, शिकारी आहेत, आणि स्वतःवर ओढलेले कोरडे तर जागोजाग आहेत. आज आळसात दिवस गेला, अमुक वाचायचे राहिले, मन उगाच उदास झाले, अशी स्वतःची झडती घेण्याची सवय त्याला तरुणपणापासून होती. हे सारे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एफ ८८’ या क्रमांकाच्या संग्रहात आहेत. त्याच्या कारभाराची दुसरी बाजू, म्हणजे दख्खनच्या कमिशनरचे दफ्तर, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. लंडनच्या कागदांत माणूस दिसतो, पुण्याच्या कागदांत त्याच्या हुकमांचे काय झाले ते दिसते. दोन्हीकडचे वाचले की एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. स्वतःच्या धर्माविषयी ज्याला ठाम खात्री नाही, त्याच्या हाती लाखो लोकांच्या धर्माची किल्ली आली, तर त्याने काय करावे? एल्फिन्स्टनचे उत्तर सोपे होते: हात लावू नये. पण हात न लावल्याने माणूस जबाबदारीतून सुटतो का?

स्कॉटलंडमधल्या एका सरदार घराण्यातला हा चौथा मुलगा. १७७९चा जन्म. १७९६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. १७९९ मध्ये बनारसला वजीर अलीच्या माणसांनी इंग्रजांची कत्तल केली, त्यातून तो थोडक्यात वाचला. १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेंटचा मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता. या माणसाने धंदा निवडताना चूक केली, याने शिपाईच व्हायला हवे होते, असे वेलस्लीने त्याच्याविषयी म्हटल्याचे सांगतात. पुढे नागपूरची रेसिडेन्सी झाली, मग अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडची वकिलात, आणि १८११ पासून पुण्याची रेसिडेन्सी. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात झालेला खून, त्रिंबकजी डेंगळ्याची ठाण्याच्या किल्ल्यातली कैद आणि तिथून त्याचे पलायन, ही सगळी प्रकरणे एल्फिन्स्टननेच हाताळली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली. बंगल्याबरोबर एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि कित्येक कागदपत्रे खाक झाली. पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाला हा घाव केवढा बसला असेल, याची कल्पना करता येते. पण तीनच महिन्यांनी त्याच्या सहीने जो जाहीरनामा निघाला, त्यात सूडाचा मागमूस नाही.

हा जाहीरनामा ११ फेब्रुवारी १८१८चा, साताऱ्याचा. बाजीरावाचे राज्य संपले, हे त्यात होतेच. पण रयतेच्या आणि त्याहूनही पुण्याच्या ब्रह्मवृंदाच्या मनातली खरी धास्ती वेगळी होती. आता टोपीकर देवळे ठेवतील की नाही? वर्षासने चालतील की बंद पडतील? जाहीरनाम्याने उत्तर दिले की वतने, इनामे, वर्षासने आणि धर्मादाय संस्था राखल्या जातील, सर्व पंथांना मोकळीक राहील, आणि रूढी न्याय्य व वाजवी असतील तिथवर पाळल्या जातील. शेवटची अट घालायला एल्फिन्स्टन विसरला नाही. ती अट ठरवणार कोण, हे मात्र त्यात नव्हते.

या सहिष्णुतेच्या मुळाशी काय होते? निव्वळ उदारपणा म्हणावे, तर त्याचेच कागद आड येतात. मूठभर परक्यांचे राज्य कोट्यवधी लोकांवर टिकवायचे, तर धर्म हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी ही सारी प्रजा एकजुटीने उठेल, हे भय त्याला पक्के होते. पण त्याला केवळ भित्रा मुत्सद्दी म्हणणेही खरे नाही. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारताच्या इतिहासात त्याने हिंदू दर्शनांना मानाचे पान दिले आणि ग्रीक विचारांशी त्यांची तुलना केली. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊल न टाकता इथली संस्कृती रानटी ठरवली होती. एल्फिन्स्टनला तो सूर मान्य नव्हता. थोडक्यात, त्याच्या सहिष्णुतेला तीन पाय होते: स्वतःच्या श्रद्धेविषयीची शंका, दुसऱ्याच्या परंपरेविषयीचा आदर आणि बंडाचे भय. कुठल्या निर्णयात कोणता पाय जमिनीवर होता, हे ओळखणे हाच त्याचे कागद वाचण्यातला खरा भाग आहे.

दक्षिणेचे उदाहरण घ्या. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांची रीघ लागे. देशोदेशीचे ब्राह्मण आत घेतले जात आणि दरवाजातून बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा पडे. विद्वान असो की निव्वळ भटजी, दाराशी पोचला की पैसा मिळे, आणि खर्च लाखांच्या घरात जाई. नव्या सरकारने ती सरसकट बंद करावी, तर जाहीरनाम्याचे वचन मोडते. तशीच चालू ठेवावी, तर मिशनरी ओरडणार की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेला पैसे पुरवते. एल्फिन्स्टनने मधला रस्ता काढला. खर्च सालीना पन्नास हजारांवर आणला, परीक्षा घेऊन दक्षिणा द्यावी असे धोरण ठेवले, आणि त्यातूनच ऑक्टोबर १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. नव्या विद्यांचा शिरकाव हळूहळू याच दारातून होईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चतुर होता. पण पाठशाळेचे दार ब्राह्मणांपुरतेच उघडे होते. पेशव्यांच्या खजिन्यात सगळ्या रयतेचा सारा जमा होई आणि कंपनीच्याही. तरीही विद्येसाठी बाजूला काढलेला पैसा एकाच जातीकडे जात राहिला, आणि याला नाव मिळाले धर्मात हस्तक्षेप न करणे.

शिक्षणाविषयी त्याची तळमळ खोटी नव्हती. जनरल ब्रिग्जने सांगितलेली आठवण पुष्कळांनी वाचली असेल. एल्फिन्स्टनच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडलेला त्याला दिसला. हे कशासाठी, असे त्याने विचारले. इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, एल्फिन्स्टन म्हणाला, आणि हाच आपला युरोपला परत जाण्याचा हमरस्ता आहे. मग गव्हर्नर असून तुम्हीच हे का करता, असे विचारल्यावर त्याचे उत्तर होते की काही झाले तरी या लोकांप्रती आपले कर्तव्य आपण केलेच पाहिजे. आपले राज्य आपल्याच हातांनी संपवणारी गोष्ट कर्तव्य म्हणून करणारा राज्यकर्ता इतिहासात विरळाच. १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली आणि तिच्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले, ते उगाच नव्हे.

मात्र याच माणसाच्या शिक्षणविषयक टिपणात एक परिच्छेद आहे. सरकारी शिक्षणात ख्रिस्ती धर्म कणभरही मिसळू नये, हे त्याने ठणकावून सांगितले आणि त्यात तो बरोबर होता. पण पुढे तो खालच्या जातींकडे वळतो. मिशनऱ्यांचा अनुभव असा की या जातींतली मुले सर्वांत चांगली शिकतात. तरीही त्यांना खास उत्तेजन देताना सरकारने जपून राहावे, असे तो लिहितो. कारण हे लोक सर्वांत तुच्छ मानलेले आहेत आणि संख्येनेही थोडे. शिक्षणाचे मूळ आधी त्यांच्यात रुजले, तर ते त्यांच्यापलीकडे पसरणार नाही. मग सरकारच्या हाती विद्येत वरचढ, पण बाकी सर्व जातींच्या द्वेषाचा धनी झालेला एक वर्ग तेवढा उरेल. मुले हुशार आहेत हे कबूल, अन्याय होतो हेही कबूल, पण त्यांची पाळी नंतर.

या ‘नंतर’चा अर्थ एका पिढीनंतर कळला. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने ठरावात मान्य केले की तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे. पण एकट्यादुकट्यासाठी युगायुगांच्या समजुतींना धक्का दिला, तर शिक्षणकार्याचीच हानी होईल, म्हणून प्रवेश देता येत नाही, असा निर्णय झाला. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा सख्खा पुतण्या. परवापरवापर्यंत मुंबईकर लोकलने ज्या एल्फिन्स्टन रोडवर उतरत, आणि २०१८ मध्ये ज्याचे प्रभादेवी झाले, ते स्टेशन या पुतण्याच्या नावाचे. कॉलेज काकाच्या नावाचे. आणि मुलाला नाकारण्यामागची विचारसरणी दोघांची एकच. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारलाही मुंबईचा हा निर्णय पटला नव्हता, म्हणजे त्या काळात दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते, हा बचाव इथे टिकत नाही.

एल्फिन्स्टनच्या टिपणातल्या त्या परिच्छेदाचे एक वाचन पुढे १९२८ मध्ये झाले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्यात एल्फिन्स्टनचे टिपण आणि धारवाडचे प्रकरण हे दोन्ही पुराव्यादाखल मांडलेले आहेत. निवेदन देणारे स्वतः एल्फिन्स्टन हायस्कूलचे आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते. ज्याच्या नावाच्या शाळेत ते शिकले, त्याच्या धोरणाप्रमाणे त्यांची पाळी इतक्यात यायचीच नव्हती.

एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये मुंबई इलाख्याला नियमांची संहिता दिली. हात न लावल्याने माणूस जबाबदारीतून सुटतो का, हा सुरुवातीचा प्रश्न तिच्या दोन कलमांत नेमका सापडतो. पहिले कलम दिवाणी न्यायालयांना सांगते की जातीच्या प्रश्नात पडू नका, फक्त जातीतून किंवा अब्रूतून उठवल्याबद्दल कोणी नुकसानभरपाई मागितली तर तेवढा दावा ऐका. पेशवाईत असे नव्हते. तिथे कोणाला वेदोक्ताचा अधिकार, कोणावर ग्रामण्य, कोणाला प्रायश्चित्त, हे दरबार ठरवी. सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये म्हणून पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या इंग्रजांनीही १७७९ मध्ये हुकूम काढला होता. त्या पार्श्वभूमीवर, सरकारने या भानगडीतून अंग काढून घेणे ही सुटकाच वाटावी.

पण सरकार बाजूला झाले म्हणून जातीची सत्ता गेली नाही. तिच्यावरचा वचक तेवढा गेला. पेशव्यांच्या दरबारात निदान दाद मागायला एक जागा होती. नव्या व्यवस्थेत जातपंचायतीने वाळीत टाकले, तर हुक्कापाणी बंद, मुलीचे लग्न अडले, प्रेताला खांदेकरी नाही, आणि कोर्ट म्हणणार की हा तुमच्या जातीचा प्रश्न. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे रणकंदन माजले, ते याच मोकळ्या सोडलेल्या जागेत. रानडे आणि टिळक, दोघांनाही शंकराचार्यांपुढच्या त्या प्रकरणाला तोंड द्यावे लागले. रानडे तर सरकारी न्यायाधीश होते. रयतेचे तंटे ते सोडवत होते, पण स्वतःच्या एका पेल्यावरून उठलेल्या तंट्यात त्यांच्या कोर्टाचा उपयोग नव्हता. शेवटी त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला.

दुसरे कलम याहून वाईट. १८२३ मध्ये पुण्यात नदीकाठी एक ब्राह्मण विधवा सती जात होती. आग सोसेना, तशी ती चितेवरून बाहेर पडली. भोवतीच्या लोकांनी तिला परत आगीत लोटले. ती पुन्हा निसटली आणि पाण्याकडे धावली. शेवटी तिथे असलेल्या काही युरोपियनांनी तिला सोडवले, पण भाजून ती पुढे दगावली. हे प्रकरण इंग्रजी नियतकालिकांतून गाजले. तरीही चार वर्षांनी आलेल्या फौजदारी नियमांत, अशा विधीला हातभार लावणारा खुनाच्या शिक्षेला पात्र नाही, अशी सवलत राहिली. बंगालमध्ये बेंटिंकने १८२९ मध्ये सती बंद केली, त्यानंतर १८३० मध्ये माल्कमच्या कारकिर्दीत मुंबईतली ही सवलत गेली. पुणे पेटले नाही. जे भय एल्फिन्स्टनने वर्षानुवर्षे बाळगले, ते निदान या एका बाबतीत अवाजवी होते.

इथे त्याची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडली पाहिजे. तलवारीच्या जोरावर आलेल्या परक्याने दुसऱ्यांचा धर्म सुधारायला निघणे, हा स्वतःच एक जुलूम आहे. सुधारणा आतून यावी, लोकांच्या पटण्यातून यावी, लादलेली सुधारणा टिकत नाही आणि सुधारकाची नियतही बिघडवते. याउलट जॉन स्टुअर्ट मिल पाहा. तो पस्तीस वर्षे कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८५९ मध्ये आला, योगायोगाने एल्फिन्स्टनच्या मृत्यूच्या वर्षी. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी, पण मागासलेल्या समाजांना तो ते तत्त्व लावत नाही. त्यांचे भले होणार असेल, तर एकछत्री हुकूमत त्याला चालते. मिलच्या या आत्मविश्वासापुढे एल्फिन्स्टनची शंका कितीतरी सभ्य वाटते. आपल्याला सत्य कळले आहे, असे न मानणारा राज्यकर्ता लोकांना निदान सत्याच्या नावाने चाबूक मारत नाही.

मात्र शंका हा जर खरा आधार असता, तर तो सगळीकडे सारखा दिसायला हवा होता. १८१८ नंतरच्या धामधुमीत पुण्या-साताऱ्याकडच्या युरोपियनांना ठार मारण्याचा एक कट उघडकीस आला. कटवाल्यांत ब्राह्मणही होते. एल्फिन्स्टन तेव्हा दख्खनचा कमिशनर होता. त्याने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन हबकला. कायद्याचे संरक्षण देणारा ठराव मागून घे, असा सल्ला त्याने दिला. एल्फिन्स्टनने तो नाकारला. मी चूक केली असेन तर मला शिक्षा व्हावी, आणि योग्य केले असेल तर मला माफीनाम्याची गरज नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. बाणेदार आहे, यात वाद नाही. पण पेशवाईत ब्राह्मणाला सहसा देहदंड होत नसे, तो शास्त्राचा मामला मानला जाई. त्या वेळी रूढी काय म्हणते, हे विचारायला एल्फिन्स्टन थांबला नाही.

म्हणजे राज्य धोक्यात आले तेव्हा शास्त्र आड आले नाही. नदीकाठी बाई जळत होती किंवा शाळेच्या दाराशी महाराचे पोर उभे होते, तेव्हा मात्र आले. धर्मात हात घालायचा नाही, हा नियम होताच. कोणाच्या जिवासाठी तो मोडायचा, एवढेच ठरवायचे होते, आणि ते एल्फिन्स्टनने ठरवले. रोजनिशीत वाचनाच्या आळसावरून स्वतःला फैलावर घेणारा हा माणूस या निवडीवर मात्र स्वतःला तसा धारेवर धरत नाही.

धर्मसहिष्णुतेचा पाया घालणाऱ्या जॉन लॉकने १६८९ मधल्या आपल्या पत्रात ही मेख आधीच ओळखली होती. आत्म्याची काळजी घेणे हे सरकारचे काम नाही, असे तो म्हणतो. पण धर्माबाहेर जे बेकायदा, ते धर्मात आले म्हणून कायदेशीर होत नाही. मुलाचा बळी देणे हे देवळातही खूनच. एल्फिन्स्टनसारख्या बहुश्रुताला हा भेद कळत नव्हता असे नाही. अडचण माहितीची होती आणि ती त्याने स्वतःच निर्माण केली. हिंदूंचा कायदा काय, हे जाणून घेण्यासाठी त्याने मोठ्या कष्टाने चौकशा करवल्या. आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या रूढींचे जे संकलन केले, ते याच प्रयत्नाचे फळ. पण विचारायचे कोणाला? पुण्याच्या शास्त्र्यांना आणि जातीच्या मुखत्यारांना. विधवेला विचारले नाही, महाराला विचारले नाही, वाळीत टाकलेल्याला तर नाहीच. धर्म म्हणजे काय, हे ज्यांनी सांगितले त्यांच्याच सोयीचा तो निघाला, आणि सरकारने त्यावर आदराने शिक्का मारला.

एल्फिन्स्टनच्या संहितेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर याची पुन्हा प्रचीती आली. मार्चमध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. वहिवाट आमची आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. तळे नगरपालिकेचे, पाणी सार्वजनिक, तरी कोर्ट वहिवाटीपाशी अडले. २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावर जाणे मात्र टळले. अशी वहिवाट अनादी काळापासून होती हे सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

याच्या उलट एक धागाही आहे आणि तो सोडला तर एल्फिन्स्टनवर अन्याय होईल. ज्या दक्षिणेला त्याने आवर घातला, तिच्यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वळवावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या पुण्याच्या सुधारकांनी केली. सनातन्यांपासून त्यांचे रक्षण करायला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. ज्या विश्रामबागवाड्यात ब्राह्मणांपुरती पाठशाळा निघाली, तिथेच नोव्हेंबर १८५२ मध्ये मुलींच्या आणि अतिशूद्रांच्या शाळांसाठी मेजर कँडीच्या हस्ते फुल्यांचा सत्कार झाला. तंबूतल्या मराठी पुस्तकांचा ढीग एल्फिन्स्टनला वाटले त्याहून वेगळ्या हातांत पोचला. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे फुल्यांनी सरकारला जाब विचारला तो हाच, की शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का उधळता? ‘शिक्षण वरून खाली झिरपेल’ हा हिशेब खोटा आहे, हे साठ वर्षांच्या अनुभवानंतर फुल्यांना स्पष्ट दिसत होते.

एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबई सोडून गेला. पुढे गव्हर्नर-जनरलपद दोनदा देऊ केले असता त्याने नाकारले. सरेमधल्या हूकवुडच्या घरात पुस्तकांच्या संगतीत त्याने उरलेले आयुष्य काढले, १८५७च्या बातम्या तिथेच वाचल्या, आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो वारला. सत्तेचा लोभ नसलेला, अभ्यासू, स्वतःशी प्रामाणिक, असे त्याचे वर्णन करावे लागते. तरीही त्याच्या तटस्थतेने दुबळ्यांना बलिष्ठांच्या स्वाधीन केले, हा निष्कर्ष टळत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे नम्र राहणे हा राज्यकर्त्याचा गुण आहे. त्या श्रद्धेच्या नावाखाली ज्याचा जीव किंवा हक्क जातो, त्याच्यापासून तोंड फिरवणे ही नम्रता नाही.

हा वाद एल्फिन्स्टनबरोबर पुरला गेला असता, तर त्याचे कागद उकरण्याचे कारण उरले नसते. स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचाच भाग आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते. बहिष्काराने माणसाचे नागरी हक्क हिरावले जातात, याकडे त्यांनी बोट दाखवले. जातपंचायतींच्या छळाच्या घटना पुढे येत गेल्यावर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. १९६२चा निकाल बरोबर होता का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.